'ऑनेस्ट': एका शब्दाची नाट्यगत रचना

शब्दकोश शब्दाचे अर्थ क्रमवार मांडतो. त्या अर्थांमधील परस्परव्यवहार मात्र त्याच्या कक्षेबाहेर राहतो. विल्यम एम्पसन यांच्या 'द स्ट्रक्चर ऑफ कॉम्प्लेक्स वर्ड्स' (१९५१) या ग्रंथाचे महत्त्व नेमके येथे आहे. शब्दातील दोन अर्थ समीकरणाच्या नात्याने बांधले गेले की तो शब्द स्वतःच एक विधान करू लागतो, अशी त्यांची भूमिका आहे. असे विधान उघडपणे केलेले नसल्यामुळे त्याचे खंडन करणेही अवघड होते.

'ऑथेल्लो'तील 'ऑनेस्ट' हे या सिद्धान्ताचे लक्षणीय उदाहरण होय. हा शब्द व त्याचे भाववाचक रूप मिळून एम्पसन ५२ प्रयोग मोजतात. लॅटिनमधील प्रतिष्ठावाचक शब्दापासून आलेल्या या विशेषणात शेक्सपिअरच्या काळापर्यंत खरे बोलणारा, विश्वासू, मित्राला जागणारा, मोकळाढाकळा असे अर्थ साठले होते. स्त्रीच्या संदर्भात तो शीलवाचक होता, तर वरिष्ठाच्या तोंडी त्यात कौतुकाबरोबर किंचित तुच्छताही मिसळे. इयागोला सर्वजण 'ऑनेस्ट' म्हणतात. त्याला डावलून ज्याला बढती मिळाली तो कॅसिओही त्याला तसेच संबोधतो. या कौतुकातील वरचढपणा इयागोला बोचतो. परंतु त्याचे सामर्थ्यही त्याच शब्दात आहे. जो फटकळ तो खरा, हे समीकरण गृहीत धरले गेल्यामुळे त्याने केलेली निंदा साक्षीसारखी मानली जाते. तिसऱ्या अंकात ऑथेल्लो कॅसिओच्या सचोटीविषयी विचारतो, तेव्हा इयागो तोच शब्द प्रश्नार्थक स्वरात परत करतो. आरोप होत नाही, पण संशय रुजतो. पुढे हाच शब्द डेस्डेमोनाच्या शीलाकडे सरकतो. इयागो आणि डेस्डेमोना या दोघांनाही 'ऑनेस्ट' मानणे आता ऑथेल्लोला शक्य राहत नाही. नाटकातील शोकात्म निवड अशा रीतीने एकाच शब्दाच्या दोन अर्थांमध्ये होते.

महादेवशास्त्री कोल्हटकरांचे भाषांतर १८६७चे, तर देवलांचा 'झुंझारराव' १८९०चा. मराठीत हे नाटक आणणाऱ्या प्रत्येकापुढे हा शब्द अडचण म्हणून उभा राहणे अपरिहार्य आहे. 'प्रामाणिक' इयागोला शोभतो, परंतु डेस्डेमोनाला लावल्यास शीलाचा अर्थ क्षीण होतो. तिच्यासाठी 'पतिव्रता' योजावा, तर दोन पात्रांना बांधणारा धागा तुटतो. 'इमानी' या शब्दात तुच्छता नेमकी उतरते, कारण आपल्याकडे इमानी असतो तो नोकर किंवा कुत्रा; सत्यकथनाचा अर्थ मात्र त्यात मागे पडतो. अशा वेळी प्रत्येक स्थळी अचूक प्रतिशब्द शोधण्यापेक्षा शब्दाची पुनरावृत्ती राखणे अधिक महत्त्वाचे आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. अर्थाची छटा अभिनयातून काही प्रमाणात भरून काढता येते. तुटलेली पुनरावृत्ती भरून काढता येत नाही.

शिवाय येथे केवळ हानीच होते असेही नाही. 'प्रामाणिक' या शब्दाच्या मुळाशी 'प्रमाण' आहे. ऑथेल्लो डोळ्यांना दिसेल असा पुरावा मागतो, आणि तो मागतो अशा माणसाकडे, ज्याच्या विशेषणानेच पुरावा अनावश्यक ठरवला आहे. हा उपरोध इंग्रजी शब्दाच्या व्युत्पत्तीत नाही. मराठी संहितेत तो आपोआप निर्माण होऊ शकतो.

या विवेचनाचा रोख आपल्या समीक्षेकडेही वळवावा लागेल. 'अनुभवाशी प्रामाणिक' हा आपल्याकडील रुळलेला गौरवशब्द आहे. लेखक स्वतःच्या अनुभवाशी एकनिष्ठ असतो, म्हणून त्याचे लेखन सत्य असते, असे एक समीकरण त्यात न उच्चारता मांडले जाते. इयागो स्वगतांमध्ये स्वतःच्या द्वेषाशी पुष्कळसा प्रामाणिक आहे. तेवढ्याने जगाविषयीचे त्याचे कथन सत्य ठरत नाही. एकनिष्ठा आणि सत्य यांतील हे अंतर तपासल्याशिवाय 'प्रामाणिक' हे विशेषण वापरणारा समीक्षक ऑथेल्लोच्याच जागी उभा असतो.