कणव पुरे, ओळख हवी

युद्धानं पोळलेल्या देशांतल्या आत्मकथनांची मराठी भाषांतरं दुकानात ओळीनं मांडलेली दिसली की अलीकडे मन विटतं. मुखपृष्ठावर बुरख्याआडून रोखून पाहणारे डोळे, मलपृष्ठावर अंगावर काटा आणण्याची हमी. इराणमधून सुटकेची कहाणी सांगणाऱ्या ‘नॉट विदाउट माय डॉटर’नं पाडलेली वाट अजून तुडवली जाते आहे : छळ, पलायन, सुटका. अशी आत्मकथनं लिहिणाऱ्या बायकांच्या यातना खऱ्याच आहेत; पण लेखिका सुटली की वाचकही त्या देशातून सुटतो. मागे राहिलेले लाखो लोक त्याच्या लेखी छळणारे किंवा छळ सोसणारे, एवढेच उरतात. वार्ताहरांच्या आणि सैनिकांच्या आठवणींत तर तो प्रदेश त्यांच्या शौर्याचं नेपथ्य असतो.

दृष्टी बदलते ती पॅलेस्टिनी कवी मुरीद बरघुतींच्या ‘आय सॉ रामल्ला’सारख्या पुस्तकानं. जून १९६७मध्ये इस्रायल-अरब युद्ध पेटलं तेव्हा बरघुती कैरोत पदवीची शेवटची परीक्षा देत होते. रामल्लाला परतायला त्यांना तीस वर्षं लागली. जॉर्डन नदीवरचा पूल ओलांडून ते देर घस्साना या आपल्या गावी पोचतात, तर घरचं अंजिराचं भलंथोरलं झाड तोडलेलं. ते रणगाड्यानं पाडलेलं नाही, चुलतीनंच तोडलंय. माणसं परागंदा झाली, काही वारली. अंजिरं खायला घालायची कोणाला? कैरोत वाण्याकडून ऑलिव्हचं तेल विकत घेताना वाटलेली शरमही बरघुती लिहितात, कारण त्यांच्या गावात तेल विकत आणायची रीतच नव्हती. अशा दोन तपशिलांतून इस्रायली कब्जा म्हणजे काय हे कळतं, ते प्रेतांच्या वर्णनांतून कळत नाही.

दुसरे पॅलेस्टिनी लेखक राजा शेहादे पेशानं वकील. ‘पॅलेस्टिनियन वॉक्स’मध्ये (२००७) ते रामल्लाभोवतीच्या टेकड्या पायी तुडवतात आणि उस्मानी काळातल्या कायद्याचा आधार घेऊन नोंद नसलेली जमीन सरकारजमा कशी होते, ते दाखवतात. सातबाऱ्यासाठी तलाठ्याकडे खेटे घातलेल्या मराठी वाचकाला हा अन्याय समजावून सांगावा लागणार नाही. प्रतिभा रानडे यांची ‘अफगाण डायरी’ आपल्याकडे असताना, परक्या मुलखातली माणसं समजून घेणं मराठीला झेपत नाही, असंही कुणी म्हणू नये.

अशी पुस्तकं एकांगी असतात, हा आक्षेप मला मुळीच मान्य नाही. दोन्ही बाजू तोलण्याचं काम इतिहासकाराचं. ज्याची जमीन गेली त्यानं दुसऱ्याची बाजूही मांडावी, हा आग्रह क्रूर आहे. आत्मकथनानं आपल्या तपशिलाशी इमान राखावं, बस्स. आणि कणव वाटली म्हणजे त्या लोकांचं देणं फिटलं, ही समजूत तर घातकच. कणवेला दुरून डोळे टिपता येतात. एखाद्या माणसाचं शेत, त्याची भाऊबंदकी, त्याचा हट्ट ठाऊक झाला, की त्याचा हक्क नाकारणं जड जातं.

म्हणून प्रकाशकांनी भाषांतराला पुस्तक निवडताना एवढंच तपासावं : युद्ध नसतं तर ही माणसं काय करत असती, हे या पुस्तकातून कळतं का? कळत नसेल तर ते मराठीत आणायची गरज नाही.