कुंपण, हद्द आणि उतारा

‘घराला कुंपण, तशी राज्याला सीमा’ या सूत्रावर उभा असलेला सीमाभागावरचा निबंध मंडळाच्या बैठकीत वाचला गेला, पुढे या संकेतस्थळावरही आला आणि बऱ्याच जणांना आवडला. मी तो दोनदा वाचला. सीमाप्रश्नावर आपल्याकडे जे लिहिलं जातं त्यात हुतात्मे, ठराव, मोर्चे आणि सर्वोच्च न्यायालयातला २००४ चा दावा एवढंच बहुतेक असतं. निबंधकार मालमत्तेच्या हक्कापासून सुरुवात करतात, हे नवं आहे आणि स्वागत करण्यासारखं आहे. मात्र त्यांनी काढलेला निष्कर्ष मला पटला नाही. का पटला नाही ते सांगण्यासाठी हे टिपण.

त्यांची मांडणी थोडक्यात अशी. अमेरिकेत स्वतःला लिबर्टेरियन म्हणवणाऱ्या, म्हणजे स्वतंत्रतावादी मंडळींमध्ये परक्यांच्या स्थलांतरावरून जुना वाद आहे. हान्स-हेर्मान हॉप यांच्या मते सगळी जमीन खाजगी मालकीची असती, तर मालकाच्या आमंत्रणाशिवाय कोणी कुठे पाऊल ठेवू शकला नसता. सरकारी रस्ते आणि मोकळी जमीन ही कर भरणाऱ्यांची सामाईक मिळकत आहे, तेव्हा सरकारने त्या मालकांच्या वतीने दार बंद ठेवणं रास्त आहे. वॉल्टर ब्लॉक उलट म्हणतात, की नुसती सीमा ओलांडणारा कोणाच्या अंगावर धावून जात नाही, कोणाचं काही चोरत नाही, मग त्याला अडवणाराच आक्रमक ठरतो. निबंधकार हॉप यांच्या बाजूचे. गाव हे गावकऱ्यांचं घर, राज्य हे त्या घरांचं मिळून एक मोठं घर, आणि सामूहिक संरक्षण म्हणजे त्या मोठ्या घराची राखण. यावरून ते म्हणतात, बेळगावात ‘बाहेरचा’ कोण हे ठरवण्याचा हक्क जमिनीच्या मालकांकडे जातो.

पहिली हरकत त्यांच्या आधारावरच. मरे रॉथबर्ड यांचा १९९४ चा लेख त्यांनी साक्षीला काढलाय. रॉथबर्ड आधी खुल्या सीमांचे पुरस्कर्ते होते आणि या लेखात त्यांनी मत बदललं, हे बरोबर. सोव्हिएत राजवटीने एस्टोनिया आणि लाटव्हियात रशियन लोकांची मोठी भर घातली, हे पाहून ते बदलले. पण त्याच लेखाचा दुसरा अर्धा भाग असा आहे, की आज नकाशावर असलेल्या राज्यांच्या सीमा पवित्र मानू नयेत. त्या बहुतेक जबरदस्तीने आखलेल्या आहेत आणि लोकांच्या संमतीने त्या बदलता आल्या पाहिजेत. म्हणजे ज्या लेखातून कुंपण घेतलं, त्याच लेखात ‘हे कुंपण कोणी घातलं?’ हा प्रश्नही आहे. निबंधात तो कुठेच सापडला नाही. खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा ही आपल्या समितीची जुनी मागणी या दुसऱ्या अर्ध्याच्या किती जवळ जाते, हे निबंधकारांसारख्या वाचकाच्या नजरेतून सुटावं याचं नवल वाटतं.

आता आपल्या मातीतलं. मालकी आणि हद्द या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या भागाइतकं स्वच्छ क्वचितच कुठे दिसेल. बेळगाव शहर ब्रिटिशांचं आणि त्याला खेटून असलेलं शहापूर सांगली संस्थानाचं. रायबाग कोल्हापूरचं. निपाणी आधी निपाणकरांची जहागीर, मग खालसा. ८ मार्च १९४८ ला दक्षिणेतली संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली, १ मार्च १९४९ ला कोल्हापूर आलं, आणि १ नोव्हेंबर १९५६ ला चंदगड तालुका वगळून बाकी सगळा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. एवढ्या उलथापालथीत शेतं जागची हलली नाहीत. बांध तिथेच, विहीर तिथेच, भाऊबंदकीचे दावेसुद्धा तेच. हललं ते कचेरीवरचं नाव.

चंदगडचा शेतकरी भाजी घेऊन बेळगावच्या बाजारात येतो. त्याचा आजाही येत होता. आजा जिल्ह्यातल्या गावाला यायचा, नातू परराज्यात येतो. या माणसाने कोणाचं कुंपण ओलांडलं? कुंपणच त्याच्या वाटेत आणून रोवलं. ‘स्थलांतरित’ हा शब्द चालून आलेल्या माणसाला लागतो. सीमाभागात तो जागेवर बसलेल्या माणसाला लागला. हॉप यांच्या चौकटीत या माणसाला जागाच नाही, कारण त्यांचं गृहीत असं की हद्द स्थिर असते आणि माणूस फिरतो.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, की मग ब्लॉक यांचं खरं, रेषेला काही अर्थच नाही, कोण कुठल्या राज्यात आहे याने काय बिघडतं. तेही मला मान्य नाही. आमच्या घरच्या ट्रंकेत एकाच जमिनीचे तीन तऱ्हेचे कागद आहेत. पणजोबांच्या नावचं गहाणखत मोडीत, आजोबांच्या वेळचा उतारा बाळबोध मराठीत, आणि वडिलांच्या नावचा कन्नडमध्ये. कर्नाटकात २००० च्या सुमारास ‘भूमी’ योजनेत उतारे संगणकावर गेले, तेही कन्नडमध्येच. वडिलांना कन्नड कामापुरतं बोलता यायचं, वाचता यायचं नाही. स्वतःच्या जमिनीच्या कागदावर स्वतःचं नाव बरोबर लागलंय की नाही, हे त्यांना दुसऱ्याला विचारावं लागे. क्षेत्रात दोन गुंठ्यांचा फरक पडलेला कळला तेव्हा मध्ये बरीच वर्षं गेली होती. मालकी शाबूत होती, पण तिची किल्ली दुसऱ्याच्या हातात. मालमत्तेच्या हक्कावर एवढा जोर देणाऱ्या निबंधात ही गोष्ट पहिल्या पानावर यायला हवी होती. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा अधिक आहेत तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे देशपातळीवर मान्य झालेलं सूत्र आहे. सीमाभागातल्या मराठी माणसाची कागदपत्रांबद्दलची मागणी ‘भाषिक अस्मिता’ या खात्यात टाकून मोकळं होता येत नाही, ती सातबाऱ्याची मागणी आहे.

कुंपणाच्या उपमेतली आणखी एक खोट. घराचं कुंपण चोराला अडवतं. राज्याच्या सीमेने मात्र आपल्याकडे अनेकदा घरमालकालाच अडवलंय. महाराष्ट्राने १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी चालवली, तेव्हा स्वतःच्या शेतातला कापूस परराज्यात विकणारा शेतकरी गुन्हेगार ठरत होता. फार मागे जायला नको. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने ऊस परराज्यात नेण्यावर बंदी घातली, आणि शेतकरी संघटनांनी आवाज उठवल्यावर काही दिवसांत मागे घेतली. कागलकडचा ऊस निपाणी-चिकोडीकडच्या कारखान्याला जाऊ नये म्हणून ही राखण! यात कोणाच्या मालमत्तेचं संरक्षण झालं? आणि इकडे हलगा-मच्छे बायपाससाठी सुपीक जमिनी घेताना शेतकरी कोर्टकचेरी करत राहिले आणि यंत्रं पोलीस बंदोबस्तात शेतात उतरली. त्या दिवशी मराठी उतारेवाला आणि कन्नड उतारेवाला बांधावर शेजारी शेजारी उभे होते. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला, याचा उल्लेख निबंधात एका ओळीत उरकलाय. त्यावर पानभर लिहिलं असतं तर मी जास्त आनंदाने वाचलं असतं.

आता निपाणी १९८१. निबंधकारांनी या आंदोलनाला ‘रस्त्यावरचं अतिक्रमण’ म्हटलंय, आणि इथे मला त्यांच्याशी जरा सविस्तर बोलायचंय.

प्रसंग सगळ्यांना ठाऊक आहे. तंबाखूचा शेतकरी व्यापाऱ्याच्या वखारीत माल टाकायचा, भाव नंतर कळायचा, कट आणि सूट कापून पैसे आणखी नंतर. मार्च १९८१ मध्ये शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर येऊन बसले आणि तीन आठवडे तिथेच राहिले. बैलगाड्या, चुली, भजन, सगळं रस्त्यावर. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला, त्यात १२ शेतकरी गेले. मुख्यमंत्री तेव्हा गुंडू राव. नेतृत्व शरद जोशींचं आणि निपाणीत सुभाष जोशींचं. हे शरद जोशी म्हणजे स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून आंबेठाणला शेती करायला आलेले, पुढे १९९४ मध्ये राजाजींच्या स्वतंत्र पक्षाचा वारसा सांगत स्वतंत्र भारत पक्ष काढणारे. मराठीत खुल्या बाजाराचा आणि मालमत्तेच्या हक्काचा त्यांच्याइतका निःसंकोच पुरस्कार दुसऱ्या कोणा लोकनेत्याने केलेला मला माहीत नाही. आणि त्यांच्याच आंदोलनाने सार्वजनिक रस्ता अडवला.

निबंधकार म्हणतात, ही विसंगती आहे. ट्रकवाल्याचं स्वातंत्र्य गेलं त्याचं काय? प्रश्न रास्त आहे, तो झटकून टाकू नये. पण उत्तर त्यांच्याच हॉपमध्ये आहे. सरकारी रस्ता कर भरणाऱ्यांच्या सामाईक मालकीचा असेल, तर निपाणीचा शेतकरीही त्यातला एक भागीदार. तंबाखूवरचा अबकारी कर आठवा. शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या रकमेपेक्षा सरकारला त्याच पिकातून जास्त मिळतं, हीच तर तेव्हाची बोंब होती. मग बारा भागीदारांवर गोळ्या चालवणारा तो राखणदार कुठल्या मालकाच्या वतीने उभा होता? रस्ता ब्लॉक म्हणतात तसा कोणाचाच नसेल, तर अतिक्रमण हा शब्दच गळून पडतो. दोन्हीकडून पाहिलं तरी निबंधातलं ते वाक्य टिकत नाही. ट्रकवाल्याचं नुकसान झालं, हे मात्र खरंच, आणि ते नोंदवलं याबद्दल मी निबंधकारांना दोष देणार नाही.

त्या रस्त्यावर बसलेल्यांची भाषाही पाहावी. चिकोडी-हुक्केरीकडचा कन्नड बोलणारा, निपाणीचा मराठी, हद्दीपलीकडून कागल-गडहिंग्लजकडून आलेला. ज्या प्रश्नावर ते एकत्र आले त्यात ‘बाहेरचा’ कोणी नव्हताच. व्यापाऱ्यांमध्येही दोन्ही भाषांचे होते, हेही सांगून टाकतो, नाहीतर उगाच भाबडेपणा होईल.

आणि वखारीतल्या बायका? निपाणीची तंबाखू चाळणाऱ्या, विड्या वळणाऱ्या हजारो बायकांच्या नावावर एक गुंठा नाही. ‘जमीनमालकांच्या संमतीने सदस्यत्व’ हे सूत्र लावलं, तर या बायका पिढ्यानपिढ्या गावात राहूनही पाहुण्याच राहतात. मालकाने उद्या नको म्हटलं की परक्या. समितीची लोकेच्छेची मागणी माणशी मोजायची होती, एकरी नव्हे. हा फरक निबंधकार ओलांडून जातात तो इतक्या सहज, की मला वाटतं त्यांच्या लक्षातच आला नसावा.

सामूहिक संरक्षणाबद्दल थोडंच लिहितो, कारण त्यावर दोन्ही बाजूंनी भरपूर बोलून झालंय. आपल्याला झोंबणारी एक गोष्ट तेवढी सांगतो. १९६६ नंतर मुंबईत ‘दाक्षिणात्य बाहेरचे’ म्हणून उडप्यांच्या हॉटेलांवर दगड पडत होते आणि त्याच तोंडाने फेब्रुवारी १९६९ मध्ये बेळगावच्या मराठी माणसाला ‘बाहेरचा’ म्हणू नका म्हणून मुंबई पेटली. डिसेंबर २०२२ मध्ये कोगनोळी नाक्याजवळ कर्नाटक पोलिसांनी महाराष्ट्रातले नेते अडवले, तेव्हा आपण सगळ्यांनी घटनेतल्या १९ व्या कलमाचा, देशभर कुठेही जाण्या-राहण्याच्या हक्काचा आधार घेतला. बरोबर घेतला. पण ते कलम मुंबईतल्या कन्नड हॉटेलवाल्यालाही तितकंच लागू आहे. कुंपणाचं तत्त्व मान्य केलं की ते दोन्हीकडे उभं राहतं, आणि त्यात हरतो तो अल्पसंख्याक. बेळगावात ते आपण आहोत.

शेवटी दोन दुरुस्त्या, निबंध पुस्तकात घेणार असं ऐकलं म्हणून. एक, महाजन आयोगाने ‘सीमाभाग कर्नाटकाला दिला’ असं सरसकट लिहिलंय. मेहेरचंद महाजन यांच्या १९६७ च्या अहवालाने बेळगाव शहर कर्नाटकात ठेवलं हे खरं, पण निपाणी, खानापूर आणि नंदगड धरून २६४ गावं महाराष्ट्राला द्यावीत असं म्हटलं होतं, आणि अक्कलकोट-जत-दक्षिण सोलापूरकडची २४७ कर्नाटकाला. सगळीकडे एकच कसोटी लावली नाही म्हणून महाराष्ट्राने अहवाल नाकारला. नकाराची कारणं सबळ होती असं मलाही वाटतं, पण त्या नकारात निपाणीही राहून गेली, आणि ते निपाणीकरांना विचारून झालं नव्हतं. संमतीवर लिहिणाऱ्याने हा प्रसंग सोडू नये.

दुसरी, परिशिष्टातल्या नकाशात चंदगड बेळगाव जिल्ह्यात दाखवलंय. तो १९५६ च्या आधीचा नकाशा आहे. त्याखाली साल घालावं.