काना जुळला की

जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्याच्या खिडकीतून जवळचं-लांबचं सगळं सारखंच स्वच्छ दिसतं. भिंगाला काय दिसतंय, ते ही खिडकी सांगत नाही. भिंगावरचं झाकण काढायचं राहिलं तरी आत बाजार भरलेलाच दिसतो. भिंगातूनच पाहायच्या एसएलआर कॅमेऱ्यावर हात बसलेला माणूस इथे गोंधळतो. मला मात्र या यंत्राची गोडी इथूनच सुरू होते असं वाटतं. फोटोत काय ठळक उरणार आणि काय विरघळणार, हे डोळ्याला आयतं मिळत नाही, मनात आधी रचावं लागतं.

माझ्याकडचा यशिका इलेक्ट्रो ३५. हे मॉडेल १९६६ साली जपानमध्ये निघालं. ४५ मिलिमीटरचं, एफ १.७ चं भिंग कायमचं बसवलेलं. खिडकीच्या मधोमध एक पिवळसर ठिपका असतो आणि त्यात समोरची वस्तू दोनदा दिसते. कॅमेऱ्याच्या कपाळावर शेजारी आणखी एक छोटी खिडकी आहे. तिच्यातलं दृश्य आरशावरून वळवून पहिल्यावर आणून टाकलेलं असतं. भिंगाची कडी फिरवली की हे दुसरं दृश्य आडवं सरकत जातं. दोन्ही एकमेकांवर नेमकी बसली की अंतर बरोबर लागलं. छोट्या कॅमेऱ्यात ही मोजणी थेट भिंगाशी जोडण्याचं काम लायकाने १९३२ च्या आपल्या ‘लायका २’ मॉडेलमध्ये केलं. तोवर लायकावाले अंतर अंदाजाने लावत, नाहीतर वेगळा मापक जवळ बाळगत.

दुसरं दृश्य आडवंच सरकतं, हे नीट ध्यानात घेतलं पाहिजे. बेळगावच्या खडेबाजारात दुकानांच्या पाट्यांवर सराव करताना ते मला उमगलं. मराठी अक्षराच्या शिरोरेषेवर ठिपका ठेवला तर काहीच कळत नाही. रेघ रेघेवरूनच घसरत राहते, जुळली की नाही याचा पत्ता लागत नाही. तोच ठिपका काना असेल तिथे आणावा. एकाचे दोन काने दिसतात, कडी फिरवावी तसे जवळ येतात आणि एका क्षणी एकच काना उरतो. तो क्षण बोटांनाही कळतो. शेजारच्या कन्नड अक्षरांच्या वळणांवर डोळा ठरत नाही; तिथे पाटीची उभी कड धरावी. उभी कड कुठेच नसेल तर कॅमेरा उभा करावा, म्हणजे शिरोरेषासुद्धा कामाला येते. असा सराव झाला की गाव वेगळंच दिसू लागतं. विजेचे खांब, दाराच्या चौकटी, सायकलीचा दांडा, नऊवारीचा सरळ काठ, सगळीकडे काने दिसतात.

चौकटीचं वागणंही पाहण्यासारखं आहे. आत एक उजळ चौकट तरंगत असते आणि तिच्याबाहेरचंही थोडं दिसतं. फोटोत येणारा माणूस फोटोत शिरण्याआधीच दिसतो. त्याची वाट पाहता येते. जवळच्या वस्तूवर कडी फिरवली की ती चौकट आपणहून तिरकी खाली सरकते, कारण खिडकी आणि भिंग यांच्या जागा वेगळ्या आहेत आणि जवळ गेलं की तो फरक जाणवतो. आपल्या दोन डोळ्यांमधल्या या फरकाची भरपाई यंत्र स्वतः करतं, तीही कडी फिरता फिरता. ही रचना मला फार सुंदर वाटते.

अंधारात या कॅमेऱ्याचा कस लागतो. बेळगावच्या किल्ल्यातलं कमल बस्ती हे जैन मंदिर १२०४ मधलं, रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने बांधलेलं. आत काळ्या दगडाचे घोटीव खांब आणि छताला दगडी कमळ. उन्हातून आत गेलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. बटण अर्धं दाबलं की पिवळा दिवा लागतो. शटर सेकंदाच्या तिसाव्या भागाहून संथ चालणार, एवढंच तो सांगतो. किती संथ, ते नाही. बाकीचं आपल्या श्वासावर. पण इथेच हा कॅमेरा साथ देतो. आत उडणारा आरसा नाही, त्यामुळे हिसका नाही. शटर भिंगातच आहे, त्याचा आवाज पुटपुटण्याएवढा. खांबाला टेकून दाबलं तर अंधारातलं कमळही हाती लागतं.

पण या कॅमेऱ्याचा खरा प्रश्न अंतराचा आहे आणि तो मला निपाणीत नीट कळला. तंबाखूच्या वखारींचं हे गाव. इथल्या तंबाखू कामगार बायकांवर ‘युगांतर’ या गटाने १९८२ साली माहितीपट केला. दिग्दर्शन दीपा धनराज यांचं, छायाचित्रण नवरोज काँट्रॅक्टर यांचं. बायकांच्या सोबत राहून केलेलं ते काम आहे. मी एका गल्लीत उंबऱ्यावर बिड्या वळणाऱ्या मावशींना विचारून तीन मीटरवर उभा राहिलो. त्या म्हणाल्या, “फोटो काढालास न्हवं? मग एवढ्या लांबनं काय दिसतंय तुला? हिकडं बस की.”

बसलो. अंतर मीटरभर. इलेक्ट्रो ८० सेंटिमीटरच्या आत येऊ देत नाही, म्हणजे आता फारशी मुभा उरली नव्हती. सावलीत छिद्र पूर्ण उघडं ठेवलं तर या अंतरावर जेमतेम पाच सेंटिमीटरची खोली ठळक राहते. मांडीवरच्या सुपापाशी चाललेली बोटं आणि चेहरा यांत त्याहून कितीतरी जास्त फरक होता. दोन्ही मिळणार नव्हतं, आणि खिडकीत तर दोन्ही स्वच्छ दिसत होतं. छिद्र लहान करावं तर शटर संथ होणार आणि बोटं पुसली जाणार, कारण त्या वळताना थांबत नव्हत्या. मी बोटांवर ठिपका नेला. तेंदूच्या पानाची उभी कड सापडली, दोनाची एक झाली, आणि त्या दोरा गुंडाळत असताना दाबलं. चेहरा धूसर आला. मावशींना प्रिंट दाखवली तेव्हा त्यांनी आधी बिडीचं वळण तपासलं.