करभाषेची चिकित्सा : ‘असूड’ ते ‘दिलासा’

महात्मा जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ १८ जुलै १८८३ रोजी पुरा केला. त्याचे भाग छापले जाण्यापूर्वी पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखविण्यात आले होते. बडोद्यास सयाजीराव महाराजांनीही ते ऐकले. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या ‘दीनबंधु’त पहिली दोन प्रकरणे आली आणि तेथेच छपाई थांबली. ग्रंथाच्या गद्याचा विचार करताना तो आधी ऐकविला गेला आणि मग वाचला गेला, ही गोष्ट विसरता येत नाही. लांबलचक, एकात एक अडकलेली ती वाक्ये वाचकाची दमछाक करतात, असा आक्षेप घेतला जातो. परंतु या वाक्यांची लांबी ही कराची लांबी आहे, हे या आक्षेपात सुटून जाते. शेतसारा, त्यावर लोकल फंड, पाटाच्या पाण्याची पट्टी, माळवे शहरात नेताना नाक्यावर भरावी लागणारी जकात, या साऱ्यांची मोजणी एकाच दमात होते. श्रोत्याला श्वास घ्यावयास उसंत मिळत नाही, कारण ज्याच्याविषयी ते बोलणे आहे त्यालाही ती मिळत नाही.

लोकल फंडाचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. मुंबई इलाख्याच्या १८६९ च्या तिसऱ्या कायद्याने शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा असा हा उपकर ठरला. रस्ते, शाळा इत्यादी स्थानिक कामांसाठी तो होता. रुपयामागे एक आणा म्हणजे शेकडा सव्वासहा. पण ‘एक आणा’ हा शब्दप्रयोगच किरकोळपणा सुचवितो, आणि उपकराचे सारे राजकारण अशा किरकोळपणावर उभे असते. फुल्यांनी आकड्यावर वाद घातला नाही. त्या आण्याचे पुढे काय होते, हे विचारले. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगास दिलेल्या निवेदनात त्यांनी हाच प्रश्न शिक्षणापुरता मांडला होता : पैसा रयतेच्या घामाचा, आणि त्यावर उच्च शिक्षण मात्र वरच्या वर्गांचे. कराची न्याय्यता केवळ घेण्याच्या बाजूने मोजता येत नाही, खर्चाच्या बाजूनेही मोजावी लागते, हे तत्त्व मराठीत इतक्या रोखठोकपणे त्यापूर्वी क्वचितच मांडले गेले असेल. कालिदासाचा राजा दिलीप प्रजेच्या कल्याणासाठीच बली घेतो, जसा सूर्य सहस्रपटीने परत देण्यासाठीच पाणी शोषून घेतो. ‘कर’ या शब्दाला हात, किरण आणि राजदेय हे तिन्ही अर्थ असल्याने ही उपमा संस्कृत परंपरेत सुखाने रुजली. फुले जणू त्या सूर्याला पाऊस कोठे पडला, ते विचारीत होते.

मात्र ‘असूडा’च्या या सामर्थ्यातच त्याची एक उणीव दडलेली आहे. सर्व कर एकाच भाऱ्यात बांधल्यामुळे त्यांच्यातील प्रकारभेद पुसला जातो. जमिनीवरचा सारा, पाण्याच्या मोबदल्यातील पट्टी आणि विक्रीच्या मालावरील जकात यांची न्याय्यता एकाच मापाने ठरत नाही. वापराच्या मोबदल्यात घेतलेली पाणीपट्टी तत्त्वतः समर्थनीय ठरू शकते. पाणी न देता ती घेतली तर ती लूट होते, आणि फुल्यांची तक्रार याच स्वरूपाची आहे. जकातीचे तसे नाही. ती वरवर व्यापाऱ्याकडून घेतली जाते, पण शेवटी माळवे पिकविणाऱ्यावर किंवा खाणाऱ्यावर पडते. १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद असलेल्या लेखकाला नाक्याचा व्यवहार आतून ठाऊक असणारच. तरीही ग्रंथ हा भेद करीत नाही, कारण चौथ्या प्रकरणात त्याने निवडलेला दृष्टिकोन घराचा आहे, खजिन्याचा नव्हे. कलेक्टरच्या तळावरून परतलेला शेतकरी, त्याचे स्वतःशी चाललेले बोलणे, त्याच्या घरातील एकेक वस्तू. त्या घरात पोहोचेपर्यंत सर्व कर एकच झालेले असतात. ही मांडणी अर्थशास्त्रदृष्ट्या ढोबळ, पण भाषादृष्ट्या अचूक आहे.

जकात या शब्दाचा इतिहास तर न्याय्यतेच्याच दृष्टीने उद्बोधक आहे. मूळ अरबीत तो इस्लामी धर्माने ऐपतदारावर घातलेल्या दानकर्तव्याचा वाचक; संपत्ती असणाऱ्याने तिचा ठराविक अंश गरजूंसाठी द्यावयाचा. मराठीत येईपर्यंत तो रस्त्याने जाणाऱ्या मालावरील महसूल झाला. ज्याच्याजवळ साठा आहे त्याच्यावरचे कर्तव्य सरकले आणि जो माल हलवितो, जो तो विकत घेतो, त्याच्यावर जाऊन बसले. हे घडवून आणण्यासाठी कोणाला एकही घोषणा करावी लागली नाही.

‘असूडा’नंतर एकोणीस वर्षांनी, २६ मार्च १९०२ रोजी, पुण्याच्याच गोपाळ कृष्ण गोखल्यांनी कलकत्त्यास केंद्रीय विधिमंडळात अर्थसंकल्पावरील आपले पहिले भाषण केले. भाषा इंग्रजी, श्रोते सरकारी, आणि पद्धत ‘असूडा’च्या नेमकी उलट. लागोपाठ शिलकी अंदाजपत्रके सादर करणाऱ्या सरकारचे अभिनंदन करण्यास नकार देऊन त्यांनी शिल्लक हाच आरोपाचा पुरावा केला. दुष्काळाने गांजलेल्या देशात खजिन्यात शिल्लक उरते याचा अर्थ लोकांकडून गरजेपेक्षा अधिक घेतले जाते. ‘शिल्लक’ हा कारभाराच्या भाषेतील भूषणवाचक शब्द होता. गोखल्यांनी त्याचा अर्थच फिरविला. राजकीय भाषणात याहून मोठे यश फारसे मिळत नाही.

मिठाच्या कराविषयीचा त्यांचा आग्रह याच भाषणात आहे. १८८८ पासून हा कर मणामागे अडीच रुपये होता. चाळीस शेरांच्या मणाला चाळीस आणे, म्हणजे शेरामागे एक आणा. पुन्हा तोच निरुपद्रवी वाटणारा आणा. श्रीमंताच्या पोटात गरिबापेक्षा दहापट मीठ जात नाही, त्यामुळे मिठावरील कर डोईपट्टीच होतो, आणि कष्टकऱ्याला व त्याच्या जनावराला मीठ अधिकच लागत असल्याने तो डोईपट्टीहूनही वाईट. पुढे १९०३ मध्ये दर दोन रुपयांवर, १९०५ मध्ये दीड रुपयावर आणि १९०७ मध्ये एक रुपयावर आला. त्याच भाषणात प्राप्तिकराची सूटमर्यादा पाचशेवरून हजार रुपयांवर न्यावी, अशीही मागणी होती. १९०३ मध्ये तीही मान्य झाली. येथे मात्र टीकाकाराने थांबावयास हवे. मीठ सर्वांचे; पाचशे ते हजार रुपये वार्षिक प्राप्ती मात्र कारकून, शिक्षक, लहान व्यापारी यांची, म्हणजे सार्वजनिक सभांतून टाळ्या देणाऱ्या वर्गाची. दोन्ही मागण्या एकाच वाक्यरचनेत शेजारी ठेवल्या की दुसरीला पहिलीचे नैतिक वजन आपोआप प्राप्त होते. गोखल्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु ‘सामान्य माणूस’ या नावाखाली मध्यमवर्गाला आणि मजुराला एकत्र उभे करण्याच्या नंतरच्या मराठी राजकीय भाषेचा एक उगम येथे दिसतो, हे नाकारता येत नाही.

या दोघांच्या मध्ये लोकमान्य टिळकांचे १८९६ चे दुष्काळी लेखन येते. त्याचे मर्म दोन शब्दांत आहे : ‘सूट’ आणि ‘तहकुबी’. सूट म्हणजे सारा माफ, तहकुबी म्हणजे पुढे ढकललेला. सरकारच्या दुष्काळसंहितेने काय कबूल केले आहे हे ‘केसरी’ने आणि सार्वजनिक सभेच्या मराठी पत्रकांनी गावोगाव सांगितले; सारा देण्याची ऐपत नसलेल्याने कर्ज काढून तो भरू नये, असे बजावले. मागणी नवी नव्हती, कायदाही नवा नव्हता. नवे होते ते इतकेच, की जी गोष्ट मेहेरबानी म्हणून ऐकू येत होती ती हक्क म्हणून ऐकू आली. सरकारला ते झोंबले. १८९७ मध्ये सभेची मान्यता काढून घेण्यात आली.

अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज लेकॉफ यांनी ‘करापासून आराम’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दप्रयोगाचे प्रसिद्ध विश्लेषण केले आहे. आराम म्हटला की दुखणे आले, दुखणे दूर करणारा वीर आला, आणि त्याला विरोध करणारा खलनायक ठरला. हे विश्लेषण मराठीला जसेच्या तसे लावण्याची घाई होते; ती टाळावी. मराठीत येथे तीन वेगळी घराणी आहेत. ‘सूट’ सुटण्याशी नाते सांगते, ‘सवलत’ मूळ अरबीत सुलभतेशी, आणि ‘माफी’ अपराधाशी. माफी झाली म्हणजे देणारा मोठा आणि घेणारा गुन्हेगार. क्रियापदांतही असाच विभाग आहे. सरकारी कागदात कर ‘आकारला’ जातो, विरोधकांच्या पत्रकात तो ‘लादला’ जातो (लादणे मूळचे जनावराच्या पाठीवरचे), आणि लोकांच्या बोलण्यात तो नुसताच ‘बसतो’. ‘यंदा पट्टी जास्त बसली’ या वाक्यात कर्ता नाही. पाऊस पडावा तशी पट्टी बसते. या कर्तृहीन वाक्याला कर्ता मिळवून देणे हेच फुले, टिळक आणि गोखले या तिघांचे समान कार्य होय.

१८७९ चा डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट या संदर्भात आठवतो. सुप्यास १२ मे १८७५ रोजी उसळलेल्या सावकारविरोधी दंग्यांनंतर तो आला. त्याने सावकाराच्या दाव्यांवर नियंत्रणे घातली. शेतसारा हा त्याचा विषयच नव्हता. शीर्षकातील ‘रिलीफ’ने दुःखाचा कर्ता निश्चित करून टाकला : तो सावकार, सरकार नव्हे.

आजच्या भाषेत कर्ता पुन्हा परतला आहे, परंतु तो देणारा म्हणून. करदर कमी झाला की ‘दिलासा’, निवडणुकीपूर्वी झाला की ‘भेट’. पुण्यात राहत्या घराच्या मिळकतकरात ४० टक्के सवलत १९७० पासून होती. २०१९ मध्ये ती रद्द झाली आणि २०२३ मध्ये पुन्हा मिळाली. पीटी-३ हा अर्ज भरण्यासाठी नागरिकांची धावपळ उडाली आणि वृत्तपत्रांनी ‘पुणेकरांना दिलासा’ असे मथळे दिले. हीच व्यवस्था उलट भाषेत सांगून पाहावी. शंभराऐवजी मूळ आकारणी साठ मानली, तर भाड्याने दिलेल्या घरावर तिच्या दोनतृतीयांश जादा आकार बसतो. म्हणजे तेथे कर साठाचा शंभर होतो. रक्कम तीच. पण ‘भाडेकरूच्या घरावर जादा कर’ असा ठराव कोणत्या सभागृहात टाळ्यांच्या गजरात संमत झाला असता? हा आकार घरमालक बहुधा भाड्यात मिळवतो आणि अखेरीस विद्यार्थी, नोकरीसाठी आलेला तरुण, मजूर कुटुंब यांच्याकडून तो वसूल होतो. ‘पुणेकरांना’ या शब्दात ते बसत नाहीत.

टोलच्या प्रश्नावर तर मराठीने एक अक्षर बदलून मोहीम चालविली. ‘टोळधाडी’तील ळ काढून ल घातला की ‘टोलधाड’ होते. पीक फस्त करणाऱ्या कीटकांचे चित्र त्या शब्दाबरोबर आपसूक येते. नामी शब्द आहे. परंतु त्याने रस्त्याचा खर्च कोणी द्यावा हा प्रश्न विचारण्यापूर्वीच मिटवून टाकला. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोलमाफी मिळाली. माफ झालेली रक्कम नाहीशी होत नसते. ती राज्याच्या तिजोरीतून भरून निघते, आणि तिजोरीत ज्याच्या दारी मोटार नाही तोही साबण, चपला, कपडे घेताना भर घालीत असतो. मोटारवाल्याला दिसणारा कर गेला आणि पायी चालणाऱ्याच्या न दिसणाऱ्या करावर भार पडला. अवजड मालमोटारींचा टोल चालूच राहिला. तो मालाच्या किमतीत मिसळतो.

न दिसणे हीच अप्रत्यक्ष कराची मुख्य राजकीय सोय आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवर दोन्ही बाजूंनी कोट्या झाल्या. पंतप्रधानांनी ती चांगल्या व सोप्या कराची आद्याक्षरे म्हणून सांगितली, तर राहुल गांधी यांनी ‘गब्बर सिंग’चे नाव त्यांत बसविले. दोन्ही कोट्या लोकप्रिय झाल्या आणि दोन्हींनी सोपेपणा व जाच यांचीच चर्चा केली; ऐपतीचा प्रश्न बाजूस राहिला. २२ सप्टेंबर २०२५ पासून बारा व अठ्ठावीस टक्क्यांचे टप्पे मोडून मुख्यतः पाच आणि अठरा असे दोन दर ठेवण्यात आले, काही निवडक वस्तूंवर चाळीस. आणि त्याचे नाव ‘बचत उत्सव’. बचत म्हणजे मिळकतीतून मागे टाकलेले. जे घेतलेच गेले नाही त्याला बचत म्हणणे हा अर्थाचा विस्तार आहे, आणि त्याला उत्सव जोडल्यावर घेणारा कोण होता याचे स्मरणही राहत नाही. मिठावर आज हा कर शून्य आहे. त्याविषयी मात्र कोणीही उत्सव केल्याचे ऐकिवात नाही.