गिरिवर्णनांतील हरवलेली वाट

मराठींत गडकोटांच्या वर्णनांची वाण कधींच पडली नाहीं. प्रवासलेख, ललित निबंध, ऐतिहासिक कादंबरी, कोणतेंही दालन उघडावें, तेथें सह्याद्रि उभा आहेच. परंतु हीं वर्णनें एकापाठोपाठ एक वाचीत गेल्यास एक चमत्कारिक गोष्ट ध्यानांत येते. एका परिच्छेदांत लेखक पायथ्याशीं असतो, पुढच्या परिच्छेदांत माथ्यावर. मधली वाट ‘बिकट’ या एका विशेषणांत आटोपलेली असते. माथ्यावर पोंचल्यावर मात्र इतिहासाला आणि सूर्यास्ताला पानें अपुरीं पडतात.

दुसरा दोष ऋतूचा. पुस्तकांतील सह्याद्रि बहुधा हिरवा असतो. पाऊस ओसरला कीं लेखणीही ओसरते; आणि शरदाचें वर्णन करण्याची पाळी आलीच, तर आमचा लेखक ‘ऋतुसंहारा’च्या तिसऱ्या सर्गाकडे धांव घेतो. तेथील काशपुष्पें, हंस आणि पिकलेल्या साळी हें वैभव खरें, पण तें सपाट, पाणथळ मुलखाचें. कार्तिक उतरणीस लागल्यावर उभ्या कातळावर काय घडतें, हें सांगण्याचें कालिदासाला कारण नव्हतें. आम्हांला आहे.

हरिश्चंद्रगडाचेंच उदाहरण घेऊं. सुमारें १,४२० मीटर उंचीच्या या गडावर कोंकणांतून, ठाणें जिल्ह्यांतील बेलपाड्याहून, नळीची वाट चढते. पावसाळ्यांत ती वाट नसतेच. कड्यांमधला तो ओढा असतो. पाणी चार महिने वरून धोंडे लोटीत राहतें, आणि पाऊस थांबला कीं ते जेथें असतील तेथें थांबतात. थांबतात, बसत नाहींत. म्हणून कार्तिकांत प्रत्येक धोंड्यावर भार टाकण्यापूर्वीं तो हलवून पाहावा लागतो, आणि वरच्या माणसाच्या पायाखालून सुटलेला दगड खालच्याच्या डोक्याकडे येणार, हें क्षणभरही विसरतां येत नाहीं. घळ सोडून कडेला जावें तर तेथें मुरूम. सह्याद्रि म्हणजे लाव्हारसाच्या थरांची उतरंड. कठीण थराचा कडा होतो आणि मधल्या सच्छिद्र थराचा झिजून उतार होतो. त्या उताराचा भुगा पावसांत ओलाव्यानें धरून असतो. ऑक्टोबरच्या उन्हानें तो सुटतो आणि पायाखालीं वाटाण्यांसारखा गडगडतो. वरचें गवत पिवळें पडून आडवें झालेलें. पहाटेचें दंव पडलें कीं त्यावर पाऊल तेलावरून सरकावें तसें सरकतें.

कारवीचें पाहा. ती सातएक वर्षांनीं फुलते, आणि त्या जांभळ्या फुलोऱ्यावर आपल्याकडे भरपूर शाई खर्च झाली आहे. फुलून झाल्यावर ती मरते, आणि चढणारा ज्या काठीच्या आधारानें अंग वर ओढतो ती वाळकी काठी हातांत मोडून येते, हें मात्र मला कोणत्याही ललित लेखांत आढळलेलें नाहीं.

यावर आक्षेप येईल कीं साहित्य म्हणजे वाटाड्याची वही नव्हे. मान्य. परंतु १८८२ सालच्या ठाणें जिल्ह्याच्या सरकारी गॅझेटियरांत घाटवाटांची नोंद आहे. लादलेला बैल कोणत्या वाटेनें जातो आणि कोणत्या वाटेनें केवळ माणूस, हें तेथें अगदीं कोरडेपणानें सांगितलें आहे. त्या बैलाच्या खुरांतून डोंगर जितका कळतो तितका आमच्या अलंकारांतून कळत नाहीं, ही रसिकतेला भूषणावह गोष्ट खचित नव्हे. हयातभर गड पायांखालीं घातलेल्या गो. नी. दांडेकरांची ‘दुर्गभ्रमणगाथा’ हा अपवाद. त्यांच्या मागून आलेल्यांनीं त्यांचा भक्तिभाव उचलला आणि पाय तेवढे घरीं ठेवले.

हें मी केवळ वाचकाच्या खुर्चीवरून बोलत नाहीं. तीन वर्षांपूर्वीं एका रसाळ लेखावर भिस्त ठेवून मी व माझा पुतण्या नोव्हेंबरच्या अखेरीस ही नळी उतरूं लागलों. लेखांत उतरणीला एक वाक्य होतें. आम्ही माथ्यावर देवदर्शन, भोजन, विश्रांति असें सर्व यथासांग उरकून दुपारीं निघालों. सहाच्या सुमारास सूर्य मावळला. घळींत तर त्याआधींच अंधारलें होतें. मुलाचा घोटा मुरगळला, आणि ती रात्र आम्ही एका धोंड्याच्या आडोशाला, थंडींत, घोटभर पाण्यावर काढली. आपल्या भावाला काय तोंड दाखवावें, याच विचारानें मला झोंप आली नाहीं.

उजाडल्यावर पाड्यावरचे एक वृद्ध गृहस्थ लांकडांसाठीं वर आले. त्यांनीं मुलाला आधार देऊन आम्हांला खालीं नेलें, आणि उतरतांना दर टप्प्याला त्याचें नांव सांगितलें. “दादा, हा घसारा, हितं टाच रोवा. ही निसण, तोंड कातळाकडं करा. आता पदर लागंल, मग भ्या न्हाई.” घसारा, निसण, पदर! एवढ्या शब्दांत सारी वाट आली होती. घरीं आल्यावर तो लेख मीं पुन्हा काढला आणि त्या एका वाक्याशेजारीं, समासांत, हे तीन शब्द पेन्सिलीनें लिहून ठेवले.