पशुधनहानीचा हिशेब आणि कथा : अर्नेस्ट थॉम्प्सन सीटन यांच्या 'लोबो' व 'वुली' या कथांचा चिकित्सक विचार

बीजसंज्ञा : पशुधनहानी, हिंस्र श्वापद, मोकाट कुत्रा, प्राणिकथा, पशुपालक, नुकसानभरपाई

प्रस्तावना :

पशुपालन हा मानवाचा अतिप्राचीन व्यवसाय असून कळपावर येणारे श्वापदांचे संकटही तितकेच प्राचीन आहे. साहित्यात मात्र या संकटाचे चित्रण बहुधा रूपकाच्या पातळीवरच राहिलेले दिसते. 'लांडगा आला रे आला' ही शालेय वयापासून परिचित असलेली कथा घेतली तरी तिच्यात महत्त्व आहे ते मुलाच्या खोटेपणाला. मेंढ्या मरतात त्या केवळ बोध सिद्ध व्हावा म्हणून. कळप कोणाचा होता, दुसऱ्या दिवशी त्या घरात काय झाले, हे प्रश्न ती कथा विचारीत नाही. 'लांडगेतोड' हा मराठीतील शब्दही आज लुटीच्या संदर्भातच अधिक वापरला जातो. त्यामागची फाडलेली मेंढी विस्मृतीत गेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्राणिकथा हा प्रकार उत्तर अमेरिकेत रूढ झाला तेव्हा प्रथमच या हानीला ठिकाण, तारीख आणि आकडा प्राप्त झाला. या प्रकाराचे एक प्रवर्तक अर्नेस्ट थॉम्प्सन सीटन (1860-1946) यांच्या 'वाइल्ड अॅनिमल्स आय हॅव नोन' (1898) या संग्रहातील दोन कथांच्या आधारे या हानीचा साहित्यिक हिशेब कसा मांडला जातो, हे पाहणे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

'लोबो' : आकड्यांची गोष्ट

'लोबो' ही कथा प्रथम 1894 मध्ये 'स्क्रिब्नर्स मॅगझिन' या मासिकात प्रसिद्ध झाली. न्यू मेक्सिकोच्या उत्तरेकडील करम्पॉ खोऱ्यातील गुरांच्या मालकांनी लांडग्यांच्या बंदोबस्तासाठी सीटन यांना 1893 मध्ये पाचारण केले, त्या अनुभवावर ती आधारलेली आहे. कथेतील हिशेब असा : लोबोच्या टोळीने किमान पाच वर्षे रोज एक याप्रमाणे दोन हजारांहून अधिक उत्तम जनावरे मारली, त्याच्या डोक्यावर एक हजार डॉलरचे इनाम लावण्यात आले, आणि नोव्हेंबर 1893 मधील एका रात्री टोळीतील दोघांनी अडीचशे मेंढ्या मारल्या व त्यांतील मांसाचा एक घासही खाल्ला नाही.

यांपैकी दोन हजारांचा आकडा सावधपणे घ्यावयास हवा. तो खोऱ्यातील लोकांचा अंदाज आहे आणि उघड्या कुरणावर मेलेल्या प्रत्येक गायीचे माप लांडग्याच्याच पदरात घालण्याची प्रवृत्ती स्वाभाविक असते. मेंढ्यांच्या हत्याकांडाचे मात्र तसे नाही. कोंडलेल्या वा भेदरून एकत्र गोळा झालेल्या कळपात शिरलेले श्वापद भुकेपेक्षा कितीतरी अधिक जनावरे मारते, हे प्राणिवर्तनाच्या अभ्यासकांनी नोंदविले असून हान्स क्रूक यांनी 1972 मध्ये या प्रकाराची शास्त्रीय मांडणी केली. भक्ष्य पळून जात नाही, म्हणून मारण्याची क्रिया थांबत नाही, असे त्याचे सामान्य स्वरूप आहे. सीटन यांना हे स्पष्टीकरण ठाऊक नव्हते. त्यांनी त्या हत्येला मौज म्हटले आणि तेथे लांडग्याला मानवी दुष्टपणा चिकटला.

याच कथेत मेंढपाळांच्या व्यवहारज्ञानाचा एक सूक्ष्म तपशील येतो. मेंढ्या भित्र्या व बुद्धीने मंद, म्हणून मेक्सिकन मेंढपाळ कळपात काही बकऱ्या सोडत. रात्री संकट आले की मेंढ्या त्या बकऱ्यांभोवती गोळा होत आणि कळप फुटत नसे. लोबोने हे मर्म ओळखले. मेंढ्यांच्या पाठींवरून धावत जाऊन त्याने प्रथम बकऱ्या मारल्या आणि क्षणार्धात कळप दाही दिशांना उधळला. पुढे कित्येक आठवडे, भटकलेल्या मेंढ्या कोठे दिसल्या काय, अशी चौकशी वाटेवर भेटणाऱ्यांकडे होत राहिली. संपूर्ण कथेत पशुपालकाच्या नुकसानीचे इतके खरे चित्र दुसरे नाही. मारलेल्या जनावरांपेक्षा उधळलेल्या जनावरांमुळे होणारी हानी मोजण्यास कठीण असते, हे कळप राखणारा जाणतो. सीटन ते जाता जाता सांगतात आणि पुढे निघून जातात.

कारण कथेचा ओघ वेगळ्या दिशेने वाहतो. विषाचे आमिष निष्फळ ठरते. लोबो ते तुकडे एकावर एक रचून त्यांवर घाण करतो. अखेर ब्लांका ही त्याची मादी सापळ्यात सापडते, घोडेस्वार तिच्या गळ्यात फास टाकून विरुद्ध दिशांना घोडे हाकतात आणि तिच्या शोधात सैरभैर झालेला लोबो 31 जानेवारी 1894 रोजी पकडला जातो. साखळदंडात त्याचा मृत्यू होतो. या शेवटाचा करुणरस निर्विवाद प्रभावी आहे. शिकारी स्वतःच्या विजयाने खजील झालेला दिसतो, हे त्या काळाच्या मानाने धाडसाचेच म्हटले पाहिजे. परंतु या करुणेची किंमत कोणी चुकविली, हाही प्रश्न आहे. लोबोला नाव मिळाले, ब्लांकाला मिळाले. अडीचशे मेंढ्या आकडाच राहिल्या आणि ज्याचा कळप फुटला तो मेंढपाळ तर आकडाही झाला नाही.

जॉन बरोज यांनी 1903 मध्ये 'अटलांटिक मंथली' मधून सीटन यांच्यावर कडाडून टीका केली आणि पुढे 1907 मध्ये थिओडोर रुझवेल्ट यांनीही या वादात उडी घेतली. प्राण्यांना मानवी बुद्धी व भावना बहाल केल्या, हा मुख्य आक्षेप होता. तो पुष्कळ अंशी योग्य असला तरी वादाचा सारा भर प्राण्यांच्या खरेपणावरच राहिला. रुझवेल्ट यांनी स्वतः डकोटात गुरे पाळली होती. तरीही पशुपालकाच्या खरेपणाची चिकित्सा त्या वादात झाली नाही.

'वुली' : घरचाच वैरी

याच संग्रहातील 'वुली' ही कथा तुलनेने दुर्लक्षित राहिली. वास्तविक पशुधनहानीच्या दृष्टीने ती अधिक अस्वस्थ करणारी आहे. वुली हा पिवळट रंगाचा, कुळशील नसलेला मेंढपाळी कुत्रा. पहिला धनी हरवल्यावर तो नदीच्या धक्क्यावर दीर्घकाळ त्याची वाट पाहतो आणि अखेर डार्बीशरमधील मॉन्सलडेल येथील डॉर्ली याच्या आश्रयाला येतो. परिसरातील मेंढ्या रात्री मारल्या जाऊ लागतात. संशय कोल्ह्यावर जातो. डॉर्लीच्या कळपाला मात्र धक्का लागत नाही आणि त्याचे श्रेय वुलीच्या राखणीला मिळते. बर्फातील पावलांचा माग डॉर्लीच्याच दारी येऊन थांबतो तेव्हाही धन्याचा विश्वास बसत नाही. शेवटी त्याची मुलगी हुल्डा हिच्यामुळे सत्य उघड होते आणि वुलीचा अंत होतो.

योगायोग असा की, आल्फ्रेड ऑलिव्हंट यांची 'आउड बॉब' ही इंग्लंडच्या उत्तरेतील मेंढपाळी जीवनावरील कादंबरीही 1898 चीच आणि तिच्यातही मेंढ्या मारणारा कुत्रा कोणाचा, हाच पेच आहे. लांडगे इंग्लंडमधून शतकांपूर्वी नाहीसे झाले होते. तेव्हा तेथील मेंढपाळाच्या मनातील भय कुत्र्याकडे वळणे क्रमप्राप्त होते. लांडग्याविरुद्ध सारे खोरे एकत्र येते. कुत्र्याच्या बाबतीत शेजारी शेजाऱ्याकडे संशयाने पाहू लागतो. मेंढी मेली हे नुकसान एका रात्रीचे, तर तुटलेला शेजार पिढीभराचा. सीटन हे सामाजिक अंग स्पर्शून सोडतात. ऑलिव्हंट त्यावर कादंबरी उभारतात.

लक्षणांच्या दृष्टीनेही ही कथा वास्तवाला धरून आहे. कोयोटसारखे श्वापद सहसा गळा धरते आणि भुकेपुरते खाते. कुत्री मागचे पाय, कुशी, कान असे सापडेल तेथे चावे घेतात, अनेक जनावरे जखमी करतात व बरीचशी न खाता सोडून देतात. मेलेल्यांपेक्षा जखमी जनावरांचीच उस्तवार अधिक करावी लागते. दिवसा राखणदार आणि रात्री मारेकरी हे वुलीचे दुहेरी रूप अतिरंजित वाटले तरी मालक असलेली, पोटभर खाणारी कुत्रीही मेंढ्यांमागे लागतात, हे पशुपालकांच्या अनुभवाचेच आहे. तथापि सीटन यांनी वुलीच्या वर्तनाचे मूळ त्याच्या संकरित रक्तात शोधले आहे. कुळावरून गुण ठरविण्याची ही दृष्टी आज ग्राह्य धरता येत नाही, आणि कथेच्या दृष्टीनेही ती सोपी पळवाट आहे. वुली जे करतो ते मेंढ्या हाकण्याच्या शिकवणुकीपासून फार दूर नाही, ही अधिक भयावह शक्यता लेखकाने टाळली.

हार्डी यांचा हिशेब

ती शक्यता थॉमस हार्डी यांनी 'फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड' (1874) मध्ये आधीच हाताळली होती. गॅब्रिएल ओक याचा तरुण कुत्रा मेंढ्यांमागे धावणे हे आपले काम आहे, एवढेच शिकला आहे. कोठे थांबावे हे शिकलेला नाही. एका रात्री तो गाभण मेंढ्यांचा कळप खडूच्या खाणीच्या कड्यावरून खाली लोटतो. दोनशे मेंढ्या मरतात. पोटातील कोकरे धरली तर हानी दुप्पट. येथे हार्डी यांची लेखणी सीटन यांच्याहून वेगळी वागते. ओकच्या मनात प्रथम त्या मुक्या जिवांविषयी कणव येते, मग विमा उतरविलेला नाही हे आठवते. कळप उधारीवर उभा केलेला होता. उरलेसुरले विकून देणी फिटतात आणि माणूस अंगावरच्या कपड्यांनिशी उरतो. पुढे तो मजूरबाजारात उभा दिसतो. कुत्र्याला त्याच दिवशी गोळी घातली जाते आणि हार्डी त्याविषयी उपरोधाने दोन वाक्ये लिहून थांबतात. मेंढ्यांना येथेही नावे नाहीत. पण त्यांच्या मरणाने एका माणसाची पत बदलते आणि उर्वरित कादंबरी त्या बदललेल्या पतीवर चालते. पशुधनहानी ही केवळ घटना नसून सामाजिक स्थान गमावण्याची प्रक्रिया आहे, हे इतक्या स्पष्टपणे मांडणारे कथन दुर्मीळ आहे.

सीटन यांच्यानंतर

विसाव्या शतकात सहानुभूतीचा काटा अधिकच लांडग्याकडे झुकला. अमेरिकी संघराज्य शासनाने 1915 पासून लांडग्यांच्या निर्मूलनासाठी निधी दिला; यलोस्टोनमधील शेवटचे लांडगे 1926 मध्ये मारले गेले. तरुणपणी स्वतः या निर्मूलनाचा पुरस्कार केलेले आल्डो लिओपोल्ड यांनी 1944 मध्ये लिहिलेल्या आणि 'अ सँड काउंटी अल्मनॅक' (1949) मध्ये समाविष्ट झालेल्या निबंधात आपल्या चुकीची कबुली दिली. लांडगे संपविणारा गुरेवाला कळपाला कुरणाच्या मापात ठेवण्याचे लांडग्याचे काम स्वतःच्या शिरावर घेतो, हे त्यांचे प्रतिपादन आजही अकाट्य आहे. तथापि त्यांच्या निबंधात गुरेवाला हा एक प्रकार आहे, व्यक्ती नाही. कॉरमॅक मॅकार्थी यांच्या 'द क्रॉसिंग' (1994) मध्ये गुरे मारणारी लांडगी पकडून तिला मेक्सिकोत परत सोडावयास निघालेला मुलगा घरी येतो तेव्हा आईवडील मारले गेलेले असतात आणि घोडे चोरीस गेलेले असतात. घर बुडविणारी श्वापदे माणसेच होती, हा निष्कर्ष मॅकार्थी शब्दांत मांडीत नाहीत.

यलोस्टोनमध्ये 1995-96 या काळात कॅनडातून आणलेले 31 लांडगे सोडण्यात आले, तर मेक्सिकन लांडगा 1998 मध्ये अॅरिझोना-न्यू मेक्सिकोच्या सीमाभागात परतला. त्यापूर्वीच, 1987 पासून, 'डिफेंडर्स ऑफ वाइल्डलाइफ' या संस्थेने लांडग्यांनी मारलेल्या जनावरांची भरपाई देण्यास प्रारंभ केला होता; 2010 पर्यंत ही योजना चालली. भरपाईसाठी मारेकरी सिद्ध व्हावा लागतो. मृत जनावर सापडले पाहिजे, दातांच्या खुणा वाचता आल्या पाहिजेत. उधळून हरवलेली मेंढी, धसक्याने गाभडलेली गाय या हिशेबात येणे कठीण.

महाराष्ट्राच्या माळरानांवर हा प्रश्न वेगळ्या रूपात उभा आहे. धनगरांच्या कळपातील कोकरू लांडग्याने नेले तर वनविभागाकडे दाद मागता येते. तेच मोकाट कुत्र्यांनी फाडले तर कुत्रा वन्यप्राणी नसल्याने त्या तरतुदीचे दार बंद होते. दोन्ही रात्री कोकरू तेवढेच मेलेले असते. त्यात 2023 मध्ये पुणे परिसरातील लांडगा-कुत्रा संकराची जनुकीय तपासणीतून खात्री झाली. लोबो आणि वुली यांना सीटन यांनी एकाच पुस्तकात, पण दोन निरनिराळ्या कथांत ठेवले होते. वाड्याभोवती रात्री जागणाऱ्या मेंढपाळाला अंधारात दिसतात ते केवळ डोळे.