कुंडीला सातबारा नसतो

एरंडोलला वैशाखातल्या दुपारी गच्चीवर अनवाणी जाऊन दाखवावं आणि मगच बागकामावर बोलावं. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकलेला असतो. कोबा तव्यासारखा तापतो. रंगाच्या रिकाम्या डब्यात लावलेल्या मोगऱ्याची माती कडेनं सुटते आणि आत बोटभर फट पडते. वरून ओतलेलं तांब्याभर पाणी त्या फटीतून सरळ तळाच्या भोकात जातं, मुळं कोरडीच राहतात. खाली बैठकीच्या खोलीत मात्र टीव्हीवरची निवेदिका सांगत असते, की रोपाला रोज पाच-सहा तास छान कोवळं ऊन मिळू द्या. एरंडोलचं कोवळं ऊन मे महिन्यात सकाळी आठला संपतं. पुढचं सगळं निबर.

बागकामाचा कार्यक्रम लावून बसणाऱ्या माणसाला काय हवं असतं, याचा विचार मराठी वाहिन्यांनी फारसा केलेला दिसत नाही. शेतीचा केला, भरपूर केला. पण अंजनीकाठच्या या तालुक्याच्या गावात पांडववाड्याच्या आसपासच्या गल्ल्यांतून फिरलं, तर दारात तुळस, न्हाणीच्या पाण्यावर पोसलेलं अळू आणि केळ, भिंतीवर चढलेली गिलक्याची वेल, गच्चीवर टपात कोथिंबीर-मेथी असं जे दिसतं, त्याला पडद्यावर जागा नाही. ते शेत नसतं आणि मुंबईतली बाल्कनीही नसते. त्याचं जुनं नाव परसबाग. आपल्या दूरचित्रवाणीनं एकतर एकरात विचार केला, नाहीतर फुलदाणीत.

सुरुवात एकरातच झाली आणि तेव्हाच्या मानानं ती रास्तच होती. दिल्लीत २६ जानेवारी १९६७ला ‘कृषी दर्शन’ सुरू झालं ते आसपासच्या ऐंशी खेड्यांसाठी. संच सामुदायिक, गावानं एकत्र बसून बघायचा. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं आणि ‘आमची माती, आमची माणसं’ हे नाव महाराष्ट्राच्या तोंडी बसलं. त्यातलं टेबलामागचं मार्गदर्शन आज फारसं कुणाला आठवत नसेल. हेक्टरी किती किलो नत्र, किती स्फुरद, हे सांगणारे तज्ज्ञ कॅमेऱ्यापेक्षा कागदाकडंच जास्त बघत. लोकांच्या लक्षात राहिल्या त्या ‘गप्पागोष्टी’. शिवाजी फुलसुंदर, माया गुजर, राजा मयेकर ही माणसं बोलत बसायची आणि बोलता बोलता खताची, बियाण्याची, कीडनाशकाची गोष्ट येऊन जायची. शंका विचारणारा अडाणी वाटत नसे, उत्तर देणारा शहाणपणा मिरवत नसे. मातीवरचा कार्यक्रम आधी माणसांचा असावा लागतो, ही समज त्या मंडळींना होती.

त्या काळाची एक अडचण आज गमतीची वाटते. आपल्याकडं रंगीत प्रक्षेपण आलं ते १९८२मध्ये, एशियाडच्या निमित्तानं. म्हणजे तोवरची पंधरा वर्षं पिकांवरचे रोग काळ्या-पांढऱ्यात दाखवले गेले. पान पिवळं पडलंय की हिरवं आहे, तांबेरा आहे की भुरी, हे करड्या रंगाच्या छटांवरून प्रेक्षकानं ओळखायचं! आता रंग आले, पण बहुतेक वेळा ते फुललेल्या गुलाबावर खर्च होतात. आजारी पानाच्या जवळ कॅमेरा अजूनही सहसा जात नाही.

खासगी वाहिन्या आल्या तशी शेतीच्या कार्यक्रमांची तऱ्हा बदलली. २०००मध्ये सुरू झालेल्या ई-टीव्ही मराठीनं ‘अन्नदाता’ आणला; त्याच्या मागं रामोजी राव यांच्या समूहाचं त्याच नावाचं १९६९पासूनचं तेलुगू मासिक होतं. पुढं एबीपी माझानं आपल्या कार्यक्रमाला ‘७/१२’ असं नाव दिलं. नाव नेमकं आहे आणि त्यातच मेख आहे. सातबाऱ्यावर ज्याचं नाव तो या कार्यक्रमाचा प्रेक्षक. कुंडीला सातबारा नसतो.

या कार्यक्रमांनी बाजारभाव दिले, हवामान दिलं, कर्जमाफीच्या अटी समजावल्या. त्याबद्दल कुणी तक्रार करू नये. तक्रार आहे ती ‘यशोगाथा’ नावाच्या साच्याबद्दल. निवेदक बांधावरून चालत येतो. शेतकरी इस्त्रीच्या शर्टात उभा. मागं ठिबकच्या नळ्या, घडांनी वाकलेली केळी. मग एकरी उत्पन्नाचा आकडा येतो, खर्च वजा जाता निव्वळ नफा येतो आणि शेवटी ‘इतर शेतकऱ्यांनी यांचा आदर्श घ्यावा’. जळगाव जिल्ह्यातल्या प्रेक्षकाला केळी शिकवायला नको. जैन इरिगेशनचं ठिबक आणि उतिसंवर्धित रोपं त्याच्या बांधावर कधीच पोहोचली आहेत. जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला २०१६मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. या प्रेक्षकाला विचारायचं असतं ते वेगळंच. गेल्या थंडीत बागेला चरका बसला तेव्हा या गृहस्थांनी काय केलं? हरण्या रोग आला तेव्हा किती झाडं उपटून फेकली, आणि ती फेकताना पोटात काय कालवलं? रोहिणीच्या वादळात उभी बाग आडवी झाली त्या वर्षी हा कॅमेरा कुठं होता? यशोगाथेचा नायक एकदाच भेटतो, पीक ऐन भरात असताना. त्याचं पुढं काय झालं, ते कळत नाही.

आणि ‘पुढं काय झालं’ हीच तर बागकाम बघणाऱ्याची खरी भूक असते.

इंग्रजांच्या देशात याची परीक्षा होऊन गेली आहे. बीबीसीनं १९३६मध्ये दूरचित्रवाणी सुरू केली त्याच वर्षी सी. एच. मिडलटन अलेक्झांड्रा पॅलेसच्या आवारात बाग करून दाखवत होते. जानेवारी १९६८मध्ये ‘गार्डनर्स वर्ल्ड’ सुरू झालं आणि ते आजही चालू आहे. पर्सी थ्रोअर, जेफ हॅमिल्टन, माँटी डॉन अशा पिढ्या बदलल्या, पण रीत तीच राहिली: सूत्रधाराची स्वतःची बाग, तीच वाफ्याची ओळ, तेच झाड, आठवड्यामागून आठवडे. हॅमिल्टन यांची बार्न्सडेल, डॉन यांची लाँगमेडो. डॉन यांच्या मागं मागं फिरणारा नायजेल नावाचा कुत्रा २०२०मध्ये गेला तेव्हा प्रेक्षक घरातलं कुणी गेल्यासारखे हळहळले. त्याच वाहिनीघरानं १९९७मध्ये ‘ग्राउंड फोर्स’ काढलं होतं. दोन दिवसांत घरमालकाच्या नकळत उजाड अंगणाची बाग करून द्यायची आणि शेवटी त्याचा आश्चर्यचकित चेहरा दाखवायचा. लोकांनी ते डोक्यावर घेतलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ते २००५मध्ये संपलं. चेहऱ्यावरचं आश्चर्य किती वेळा बघणार? शिवाय दोन दिवसांत लावलेलं झाड तिसऱ्या महिन्यात जगलं की नाही, हे विचारायची सोय त्या साच्यात नव्हती.

थ्रोअर यांची आणखी एक गोष्ट आपल्याकडं सांगण्यासारखी आहे. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर त्यांनी आयसीआय या रसायन कंपनीच्या जाहिराती करण्याचा करार केला आणि बीबीसीनं देशातल्या सर्वांत लाडक्या माळ्याला कार्यक्रमातून काढून टाकलं. आपल्याकडं तज्ज्ञ बोलत असताना त्याच्या कोपराशी टॉनिकची बाटली लेबल समोर करून ठेवलेली असते. त्याला कुणी हरकत घेत नाही.

मात्र ‘गार्डनर्स वर्ल्ड’ची नक्कल करून एरंडोलचं काम भागणार नाही. तिथला सल्ला तिथल्या पावसाचा. आपल्याच भाषेतला पुण्या-मुंबईचा सल्लादेखील इथं अर्धाच लागू पडतो, कारण तो लाल माती आणि कोकोपीट गृहीत धरून दिलेला असतो. खान्देशातल्या माणसाच्या हाताशी असते ती तापी-गिरणेच्या खोऱ्यातली काळी. कपाशीला ती मानवते, कुंडीत मात्र छळते. पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. म्हणून तर त्या डब्यात बोटभर फट पडली. उपाय साधा आहे. काळी माती एकटी भरायची नाही, तिच्यात वाळू किंवा बारीक मुरूम, चांगलं कुजलेलं शेणखत आणि पालापाचोळा मिसळायचा. वरून उसाच्या पाचटाचं नाहीतर वाळल्या पानांचं आच्छादन द्यायचं. आणि माती एकदा सुटलीच, तर वरून तांब्या ओतत बसण्यापेक्षा अख्खी कुंडी पाण्याच्या टपात बुडबुडे थांबेपर्यंत ठेवायची. हे करून दाखवायला तीन मिनिटं लागतात. बुडबुडे तर कॅमेऱ्यासाठीच जन्माला आल्यासारखे दिसतात.

पिवळ्या पानांचंही तसंच. मातीत चुनखडी, बोअरचं पाणी जड. गुलाबाची, मोगऱ्याची नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हा लोहाचा तुटवडा. जुनी, खालची पानं सरसकट पिवळी पडली तर दुखणं वेगळं, तिथं नत्र कमी पडलेलं असतं. टीव्हीवर दोन्हींना एकच उत्तर मिळतं: खत घाला. लोखंडासाठी हिराकस नुसता मातीत टाकला तर चुनखडी त्याला लगेच बांधून ठेवते आणि मुळांना काही मिळत नाही. तो शेणखतात मुरवून द्यावा, नाहीतर अर्धा टक्का द्रावण करून संध्याकाळी पानांवर फवारावं. एका पानाचा असा फरक जवळून दाखवणारा पाच मिनिटांचा तुकडा एखाद्या वाहिनीनं केला, तर धुळ्यापासून भुसावळपर्यंतचे प्रेक्षक तो जपून ठेवतील. मातीत पडलेल्या बीकडं किती बारकाईनं बघता येतं, हे जवळच्याच आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी अक्षरओळख नसताना दाखवून दिलं आहे. हाती इतकी भारी भिंगं असून आपला कॅमेरा त्या नजरेपासून लांबच राहिला.

ही पोकळी मोबाइलनं भरली, चांगली आणि वाईटही. वाईट भाग सगळ्यांना ठाऊक आहे: ‘फक्त एक चमचा टाका आणि चमत्कार बघा’. कधी केळ्याच्या सालीचं पाणी, कधी ॲस्पिरिन, कधी चहाचा चोथा. फुलांनी लगडलेलं झाड दाखवतात ते रोपवाटिकेतून त्याच सकाळी आणलेलं आहे, हे पिशवीच्या कडांवरूनच कळतं. पण याच मोबाइलवर एखादी गृहिणी सुकलेलं रोप कुंडीतून उपटून, मुळं उघडी करून, ‘हे बघा, पाणी जास्त झालं, माझीच चूक’ असंही म्हणते. हे वाक्य दूरचित्रवाणीवर क्वचितच ऐकू येतं. तिच्या मागं कुकरची शिट्टी वाजते, उजेड धड नसतो, तरी लोक तिला शेवटपर्यंत बघतात. गरज पडली तर थांबवून, मागं नेऊन पुन्हा बघतात.

सरकारी वाहिनीचा ओढा नेमका उलट दिशेला दिसतो. २६ मे २०१५ला सुरू झालेल्या डीडी किसाननं नऊ वर्षं पूर्ण होताना, मे २०२४मध्ये, दोन कृत्रिम बुद्धिमत्तेचे निवेदक आणले: ‘एआय कृष’ आणि ‘एआय भूमी’. ते पन्नास भाषांत बोलू शकतात, दमत नाहीत, रजा मागत नाहीत. बाजारभाव आणि पावसाचा अंदाज वाचायला ते पुरेसे आहेत. पण ज्याच्या नखांत कधी माती गेली नाही, त्यानं रोपाची मुळं कशी मोकळी करावीत हे सांगणं म्हणजे पोटात भूक नसलेल्यानं पाककृती सांगणं. ‘गप्पागोष्टी’पासून इथवरचा प्रवास तंत्राच्या बाबतीत मोठा आहे, मातीकामाच्या कार्यक्रमासाठी तो पाऊल मागं नेणारा आहे.

मराठीत या विषयाला सामग्री कमी आहे असंही नाही. श्री. अ. दाभोळकरांनी (१९२४–२००१) प्रयोग परिवारातून नेमकं हेच उभं केलं होतं: आपल्या तुकड्यावर प्रयोग करायचा, नोंद ठेवायची, फसलं तेही दुसऱ्याला कळवायचं. दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचं भागतं, हा त्यांचा हिशेब. मुंबईत डॉ. आर. टी. दोशींनी गच्चीवर उसाच्या चिपाडात भाजीपाला पिकवला, पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर तिथल्याच ओल्या कचऱ्यातून बाग उभी राहिली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘कृषिदर्शनी’ दरवर्षी निघते आणि विद्यापीठाची संशोधन केंद्रं जळगावातही आहेत. उणीव आहे ती एका बागेत वर्षभर थांबण्याच्या तयारीची.

तेव्हा सह्याद्री वाहिनीनं किंवा कुठल्याही मराठी वाहिनीनं एवढं करावं. खान्देशातल्या एका घरामागची वीस बाय वीस फुटांची जागा घ्यावी. नळाला रोज पाणी न येणारी असेल तर उत्तमच. एक माणूस, एक कॅमेरा, बावन्न आठवडे. मेलेली रोपंही दाखवावीत. त्यासाठी मृगाची किंवा नव्या वर्षाची वाट बघू नये. सुरुवात आखाजीलाच, म्हणजे अक्षय्य तृतीयेलाच करावी. इथल्या मोगऱ्याला कळ्या तेव्हाच धरतात आणि पाण्याची ओढाताणही तेव्हाच असते.